हजार रात्री आणि अडीच तास

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी जे सांगायचे राहून गेले त्यातले थोडे येथे घातले आहे.)



आजचा माझा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीचे अर्ज, पुढचे प्रवेश हे सारे बाजूला ठेवून सर जादूच्या दिव्याच्या गोष्टी सांगायला उभे राहिले, असे त्यांना वाटेल. पण हा विषय मला पालकांनीच दिलेला आहे. वर्षातून पाचदहा वेळा तरी कुणी ना कुणी मला विचारते, "सर, मुलगा पुस्तक हातात धरत नाही, सिनेमा मात्र डोळे फाडून पाहतो. गोष्ट तर तीच ना? मग वाचली काय आणि पाहिली काय, फरक तो कसला?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला 'वाचन चांगले, सिनेमा वाईट' एवढे ठोकळेबाज उत्तर देणे मला बरे वाटत नाही. म्हणून आपल्या सर्वांच्या घरात ज्या गोष्टी आजीच्या तोंडून, पुस्तकातून आणि पडद्यावरून अशा तिन्ही वाटांनी आल्या, त्या अलिफ लैलाचेच उदाहरण घेऊन पाहू.

आपण 'अलिफ लैला' म्हणतो. मूळ शब्द 'अल्फ', म्हणजे हजार. 'अल्फ लैला व लैला', एक हजार रात्री आणि एक रात्र. हा ग्रंथ कुणा एका लेखकाचा नाही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अन्-नदीमने आपल्या ग्रंथसूचीत 'हजार अफसान' या फारसी पुस्तकाची नोंद केली आहे आणि शहरजादची गोष्टही दिली आहे. पुस्तक नीरस आहे, असा शेराही त्याने मारला आहे! म्हणजे गोष्टींच्या पुस्तकांवर नाराज असणारी विद्वान मंडळी आजचीच नाहीत. गोष्टीच्या पोटात गोष्ट घालण्याची रीत आपल्या पंचतंत्राची. तेच पंचतंत्र आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत गेले होते. इराणी, अरबी, हिंदी असे अनेक प्रवाह मिळून ही नदी वाहते.

अठराव्या शतकात आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने एका जुन्या सिरियन हस्तलिखितावरून या गोष्टी फ्रेंचमध्ये आणल्या. १७०४ ते १७१७ या काळात त्यांचे बारा खंड निघाले आणि साऱ्या युरोपला त्यांनी वेड लावले. गंमत पुढेच आहे. अल्लादीन आणि अलीबाबा, म्हणजे ज्या दोन गोष्टी लहान पोरालाही ठाऊक असतात, त्या त्या हस्तलिखितात नाहीत. १७०९ साली अलेप्पोचा हन्ना दियाब नावाचा तरुण ख्रिस्ती कथेकरी पॅरिसला आला होता. त्याने त्या गालाँला तोंडी सांगितल्या. गालाँच्या पुस्तकात त्याचे नाव नव्हते. त्याने उतारवयात लिहिलेला प्रवासवृत्तांत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होता. तो त्याचा आहे, हे १९९०च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आले. गोष्ट सांगणाऱ्याचे नाव कसे पुसले जाते, याचा हा पहिला दाखला ध्यानात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

मराठीत या गोष्टी एकोणिसाव्या शतकातच आल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे भाषांतर सुरू केले. पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते तडीस नेले. नावात अरबी असले तरी भाषांतर झाले इंग्रजीवरून. संस्कृत शास्त्र्याच्या घरात बगदादचा खलिफा मराठी बोलू लागला, ही घटना मला कोणत्याही जादूच्या गालिच्यापेक्षा नवलाची वाटते. त्यानंतर १९७०च्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनची समग्र अरेबियन नाइट्स अनेक खंडांत मराठीत आणली. एका मराठी बाईने हे प्रचंड काम पार पाडले, याचा आपल्या मुलींना पत्ताही नसतो.

आता पडद्याकडे वळू. नाशिककराने चित्रपटाला नावे ठेवणे शोभत नाही. दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दादरला पुरा केल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले, पुढची कित्येक चित्रे इथे घडवली आणि १९४४ साली इथेच डोळे मिटले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे आपल्या सहली जातातच. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. चमत्कार डोळ्यांना दाखवणे ही या माध्यमाची जन्मजात ताकद आहे. पुस्तक 'दिव्यातून जिन्न निघाला' एवढेच म्हणते, तो काढून दाखवायचे काम चित्रपट करतो.

हीच ताकद घेऊन मुंबईत होमी वाडियांनी १९५२ साली 'अल्लादीन और जादुई चिराग', १९५४ साली 'अलीबाबा और चालीस चोर' आणि १९५६ साली 'हातिमताई' काढले. आज आजोबा झालेल्यांना महिपाल आणि शकीला ही नावे सांगून पाहा, चेहरा खुलतो की नाही. त्याआधी १९२४ साली अमेरिकेत डग्लस फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद' निघाला. १९४० साली त्याच नावाचा रंगीत चित्रपट अलेक्झांडर कोर्डाने काढला. त्यातला चलाख चोरपोऱ्या अबू म्हणजे म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा साबू दस्तगीर. हत्तीखान्यातून उठून तो थेट जगाच्या पडद्यावर गेला. त्या चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाले. हे सारे मी कौतुकाने सांगतो आहे. १९९२चा डिस्नेचा 'अल्लादीन' मीही आवडीने पाहिला आहे आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्याबरोबर पुन्हा पाहायला माझी तयारी आहे.

पण गोष्ट तीच आहे का?

अल्लादीनचेच घ्या. पुस्तकातला अल्लादीन अरबस्तानातला नाही. तो चीनमधल्या एका शहरातल्या मुस्तफा शिंप्याचा उनाड मुलगा. बाप त्याच्या काळजीने खंगून मरतो. आई कापूस कातून घर चालवते. दिवा हाती लागल्यावर 'तीन इच्छा माग' असले काही पुस्तकात नाही. इच्छांना मोजमापच नाही. तीनची अट पडद्यावरची. उडता गालिचाही या गोष्टीत नाही. तो शहजादा अहमद आणि परीबानूच्या निराळ्या कथेतला आहे आणि तिथे तो विकत घेतला जातो हिंदुस्थानात, बिस्नगारच्या बाजारात! बिस्नगार म्हणजे विजयनगर असे मानतात.

इच्छांना मर्यादा नसताना मायलेक काय मागतात? जेवण. जिन्न चांदीच्या ताटांतून जेवण आणतो. जेवण संपले की अल्लादीन एकेक ताट विकायला नेतो. एक व्यापारी त्याला मातीमोल भाव देऊन फसवतो. पुढे एक सचोटीचा सोनार भेटतो आणि खरी किंमत सांगतो. अशी काही वर्षे जातात. घरात दिवा असूनही आई सूत कातणे सोडत नाही. अंगावरचे कपडे ती स्वतःच्या कताईच्या पैशांतूनच घेते. पालकहो, ज्या जिल्ह्यात मालेगाव आहे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरे सुतावर जगली, तिथल्या माणसाला हे वाक्य वाचून थांबावे लागते. आपल्या किती आज्या रात्री कंदिलाशी बसून कांड्या भरत होत्या!

पुढे अल्लादीनला शहजादी हवी होते. मागणी घालायला कोण जाते? आईच. रत्नांचे ताट रुमालात बांधून ती कापूस कातणारी बाई सुलतानाच्या दरबारात जाऊन उभी राहते. तिच्याकडे कुणी पाहत नाही. ती घरी येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. असे कित्येक दिवस. शेवटी सुलतानालाच नवल वाटते की ही रोज येणारी बाई आहे तरी कोण. सरकारी कचेरीत दाखल्यासाठी खेटे घातलेल्या कुठल्याही आईला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

ही आई पडद्यावर कुठे गेली? डिस्नेच्या चित्रपटात अल्लादीन अनाथ आहे. आधीच्या आराखड्यात आई होती, मुलाने तिच्यासाठी गायचे गाणेही तयार होते. पटकथा बदलताना आई गळली, गाणे गळले. २०१४ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवर ते गाणे परत आले, आई मात्र अल्लादीनच्या आठवणीपुरतीच राहिली. कारण उघड आहे. अडीच तासांत, त्यांच्याकडे तर दीड तासात, माकड हवे, गालिचा हवा, विनोदी जिन्न हवा. दरबारात मुकाट्याने उभ्या राहणाऱ्या म्हातारीला जागा कोण देणार? ती दिसायला काहीच करत नाही, नुसती उभी असते. पुस्तकाला ते उभे राहणे सांगता येते.

अलीबाबाची गोष्ट याहून बोलकी आहे. मी एकदा आठवीच्या वर्गात विचारले, "अलीबाबाच्या गोष्टीचा नायक कोण?" सगळा वर्ग ओरडला, "अलीबाबा!" मग आम्ही तीन तासिकांत ती गोष्ट मोठ्याने वाचली आणि मी तोच प्रश्न पुन्हा केला. या वेळी बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, अलीबाबा तर काहीच करत नाही."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. गुहेचा मंत्र कानावर पडतो आणि तो सोने घेऊन येतो, एवढीच त्याची कर्तबगारी. त्यानंतर प्रत्येक संकट घरातली दासी मर्जिना निवारते. कासिमचे चार तुकडे झालेले प्रेत घरी येते, तेव्हा बोभाटा होऊ नये म्हणून ती आधी अत्ताराकडे जाऊन 'मालक फार आजारी आहेत' म्हणून औषध मागते. दुसऱ्या दिवशी आणखी कडक औषध मागते. मग बाबा मुस्तफा चांभाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला घरी आणते आणि प्रेत शिवून घेते. चोर घराच्या दारावर खडूची खूण करून जातो, तेव्हा ती आजूबाजूच्या सगळ्या दारांवर तशीच खूण करून ठेवते. शेवटी चोरांचा सरदार तेलाचा व्यापारी होऊन येतो. अडतीस बुधले, एकात तेल, सदतीसांत चोर. (चाळिसांतले दोघे खुणा फसल्यामुळे आधीच सरदाराच्या हुकमाने मेलेले असतात. हिशेब चोख आहे, गणिताच्या सरांनी तपासून पाहावा.) दिव्यात तेल संपले म्हणून मर्जिना अंगणात येते. बुधल्यातून हळूच आवाज येतो, "वेळ झाली का?" ती किंचाळत नाही, पळत नाही. सरदाराचा आवाज काढून "अजून नाही" म्हणते, एकेका बुधल्यापाशी तेच उत्तर देत जाते, आणि मग स्वयंपाकघरात तेल उकळायला ठेवते.

आपल्याकडच्या चित्रपटांत मर्जिना आहे. तिच्यावाचून चालतच नाही. पण ती नायिका झाली. म्हणजे काय झाले? तिच्या वाट्याला गाणी आली, नाच आला, आणि तलवार गेली अलीबाबाच्या हाती. १९८०च्या भारत-सोव्हिएत 'अलीबाबा और चालीस चोर'मध्ये धर्मेंद्र अलीबाबा होते आणि हेमामालिनी मर्जिना. धर्मेंद्र पडद्यावर असताना सगळी हिकमत घरातल्या बाईने करायची, हे प्रेक्षकांना रुचणार तरी कसे? यात दिग्दर्शकाचा दोष मी धरत नाही. तिकिटाचे पैसे देणाऱ्यांनी जे मागितले तेच त्याने दिले, आणि ते मागणारे आपणच होतो.

तिसरी गोष्ट पडद्यावर आलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. आपल्या संस्थेच्या दृष्टीने हीच मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून थोडा वेळ घेतो. तवद्दुद नावाची एक दासी होती. तिचा मालक बापाची सारी दौलत उधळून कफल्लक होतो. ती त्याला म्हणते, मला हारून अल्-रशीदकडे घेऊन जा आणि दहा हजार दिनार माग. एवढी किंमत कशासाठी, असे खलिफा विचारतो तेव्हा ती आपल्याला येणाऱ्या विद्या मोजून दाखवते. मग दरबारात परीक्षा सुरू होते. कुरआनचे जाणकार, फिकहचे आलिम, हकीम, ज्योतिषी, तत्त्ववेत्ता एकामागून एक प्रश्न विचारतात. ती सगळ्यांची उत्तरे देते आणि मग प्रत्येकाला आपला एक प्रश्न घालून निरुत्तर करते. हरलेल्या विद्वानाला भर दरबारात अंगरखा उतरवून द्यावा लागतो! बुद्धिबळातही ती जिंकते. अखेर खलिफा प्रसन्न होऊन तिला काय हवे ते विचारतो, आणि ती आपल्या जुन्या मालकाकडे परत जाण्याची इच्छा सांगते. हा शेवट आजच्या वाचकाला खटकेल, मलाही खटकतो. पण मधली पाने वाचताना वाटते, तोंडी परीक्षेला घाबरणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलीला हे वाचून दाखवावे. यावर चित्रपट का निघत नसावा? यात मारामारी नाही. नुसते प्रश्न आणि उत्तरे. कॅमेऱ्याने दाखवायचे काय?

आणि या सगळ्या गोष्टी सांगणारी शहरजाद कोण होती? वैद्यक, तत्त्वज्ञान, इतिहास, कविता यांची पुस्तके वाचलेली वजीराची मुलगी. बापाचा विरोध असताना ती जीव धोक्यात घालून राजाकडे जाते आणि रोज गोष्ट अर्धी ठेवून आपला व शहरातल्या इतर मुलींचा जीव वाचवते. एकटी अल्लादीनची गोष्ट उचलून चित्रपट केला की ही सांगणारीच बाहेर राहते. हन्ना दियाबचे झाले तेच. दूरदर्शनवर १९९३ साली सुरू झालेल्या रामानंद सागरांच्या मालिकेने शहरजाद ठेवली होती. मालिकेला सवड असते, अडीच तासांच्या चित्रपटाला नसते. २०१९च्या नव्या 'अल्लादीन'मध्ये शेवटी शहजादीच सुलतान होते, हेही सांगायला हवे. चांगले झाले. तरी पुस्तकातली शहजादी आपल्या हाताने जादूगाराच्या पेल्यात औषध कालवते, ते धाडस मला अधिक मोठे वाटते.

आणखी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधतो. पडद्यावरच्या दुष्ट वजीराचे नाव १९४०च्या चित्रपटात जाफर, आणि १९९२च्या चित्रपटातही जाफर. आपल्या वर्गांतही त्या नावाची मुले असतात, त्यांना काय काय ऐकावे लागते ते विचारून पाहा. खरा जाफर बरमकी हा हारूनचा वजीर. गोष्टींमध्ये तो खलिफाबरोबर रात्री वेष पालटून बगदादच्या गल्ल्यांतून हिंडतो, लोकांची गाऱ्हाणी ऐकतो. याच बरमकी घराण्याने भारतीय वैद्यकाचे ग्रंथ अरबीत करवून घेतले. ८०३ साली खलिफाच्याच हुकमाने जाफरचा वध झाला. म्हणजे इतिहासात बळी गेलेला माणूस पडद्यावर खलनायक झाला. त्याच १९९२च्या चित्रपटातल्या सुरुवातीच्या गाण्यात अरबांना रानटी ठरवणारे शब्द होते. अमेरिकेतल्या अरबांच्या संघटनेने हरकत घेतली आणि १९९३ साली त्यातली एक ओळ बदलण्यात आली. ती माणसे चिडून बसली नाहीत, त्यांनी नेमके काय खटकते ते लेखी मांडले. तेवढ्यासाठी मूळ गोष्ट माहीत असावी लागते.

मग मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे? इथे सांभाळून बोलले पाहिजे. समग्र अरेबियन नाइट्स लहान मुलांसाठी नाही. तिची सुरुवातच व्यभिचार आणि खून यांनी होते. बर्टनच्या आवृत्तीत अशी पुष्कळ पाने आहेत, की जी घरात मोठ्याने वाचता येणार नाहीत. गुलामगिरी आहे, काळ्या वर्णाच्या माणसांबद्दल हलके बोलणे आहे. गौरी देशपांडे यांचे खंड कॉलेजच्या मुलामुलींनी आणि पालकांनी स्वतः वाचावेत. शाळकरी मुलांना निवडक गोष्टींची मुलांसाठी केलेली मराठी किंवा उर्दू आवृत्ती द्यावी. देण्यापूर्वी एवढे पाहावे, की अल्लादीनची आई त्यात आहे का आणि खडूच्या खुणा मर्जिनाच करते का. नसेल तर ते पुस्तक चित्रपटावरून बेतलेले आहे असे समजून परत ठेवावे.

चित्रपट बंद करा असे मी म्हणत नाही. बंद करता येणारही नाही, तो आता खिशातल्या फोनमध्ये आहे. आधी गोष्ट वाचा, मग तोच चित्रपट घरच्यांनी मिळून पाहा, आणि मुलालाच विचारा, यातले कोण गायब झाले? मुले हा खेळ आवडीने खेळतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी तर मला न सुचलेल्या चार जागा दाखवून दिल्या.

ज्या घरात अम्मीला मराठी वाचता येत नाही, तिथे मुलाने किंवा मुलीने मराठीतून वाचावे आणि घरच्या बोलीत तिला सांगावे. एका वेळी दोन भाषांचा अभ्यास होतो आणि अम्मीही मधे चार प्रश्न विचारते. अलीबाबाची गोष्ट दोन बैठकांत होते, अल्लादीनला चार लागतात. अलीबाबा वाचताना पहिली बैठक बुधल्यातून आवाज येतो तिथे थांबवावी. पुस्तक मिटून कपाटात ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते कोण काढून आणतो ते पाहावे.